कुत्र्याचा राखणदार

पग पाळणारा माणूस लांबूनच ओळखू येतो. अल्सेशियनवाल्याची छाती दोन बोटं पुढे आलेली असते. पॉमेरेनियनवाल्याचा आवाज चढलेला असतो, कारण कुत्र्याच्या वरताण बोलल्याशिवाय त्याचं घरात कुणाला ऐकू जात नाही. लॅब्रेडॉरवाला कायम मागे रेललेला, कारण पुढून ओढणं चालू असतं. पगवाला मात्र मान खाली घालून, कान देऊन चालतो. खालून येणाऱ्या धापेत, फुरफुरीत, खरखरीत काही फरक पडला का, हे तो ऐकत असतो. त्याच्या खिशात कापूस असतो, खांद्यावर ओला पंचा असतो आणि हातात काठी असते. काठी कुत्र्यासाठी नसते. कुत्र्याच्या अंगावर येणाऱ्या इतर कुत्र्यांसाठी असते.

कुत्र्यानं माणसाची राखण करायची आणि माणसानं भाकरी टाकायची, असा जुना करार आहे. पगच्या घरी तो उलटतो. भाकरी टाकणाराच राखणीला बसतो. हे एका दिवसात होत नाही आणि होताना त्या माणसाला कळतही नाही. आमच्या नागपूरच्या लेआउटमधल्या काकाजींचं हे होताना मी कुंपणापलीकडून पाहिलं, म्हणून लिहितो.

काकाजी ऑडिटमधून निवृत्त झालेले. जन्मभर सरकारी वह्यांतल्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर वह्या आटल्या, तेव्हा त्यांनी लेआउटच्या गणपतीचा जमाखर्च मागवून घेतला आणि हारांच्या खर्चावर अशी काही टिपणं लिहिली, की मंडळाची पोरं त्यांच्याकडे वर्गणी मागायचीच थांबली. काकूंच्या दुधाच्या हिशेबावर ते लाल पेनानं खुणा करत. प्रेम, माया वगैरे बाबी त्यांच्याकडे असाव्यात. पण त्यांची तरतूद कुठल्या शीर्षाखाली केली आहे, हे घरातल्या कुणाला सापडलं नव्हतं. कुत्र्यांविषयीचं धोरण एका ओळीचं होतं. ‘जनावर अंगणात, माणूस घरात.’

मग पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीला कंपनीनं जर्मनीला पाठवलं. जाण्यापूर्वी ती नागपूरला आली, एक बॅग आणि एक पग घेऊन. जाताना बॅग घेऊन गेली.

‘सहाच महिने, बाबा,’ ती म्हणाली.

‘पावती आहे का याची?’ काकाजींनी विचारलं. पावती नव्हती. किंमत ऐकल्यावर ते खुर्चीत बसले. ‘एवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या. दूध तरी दिलं असतं.’

लेकीनं नाव ठेवलं होतं ऑस्कर. काकूंनी पहिल्याच संध्याकाळी त्याचा ओंकार केला. अडचण एवढीच झाली, की समोरच्या घरात नववीतला एक ओंकार आहे. ‘ओंकार, शी झाली का रे?’ असं सकाळी सहाला खणखणीत ऐकू आलं की तो पोरगा पांघरूण डोक्यावर ओढून घेतो. शाळेच्या बसमध्ये त्याचं काय होत असेल, याची मला कल्पना आहे.

लेआउटनं मात्र दोन्ही नावं मानली नाहीत. आमच्याकडे पगला अजून ‘हचवाला कुत्रा’ म्हणतात. २००३ साली हच मोबाइलच्या जाहिरातीत एका शाळकरी पोरामागे गोव्यातल्या वाटांवरून एक पग चालत राहिला. पोरगा जाईल तिथं तो. चीका नावाच्या त्या पगनं भल्याभल्या नटांना मिळत नाही एवढी ओळख मिळवली आणि देशभर पोरांनी आईबापांकडे तसलाच कुत्रा मागितला. २००७ मध्ये हचचं व्होडाफोन झालं, पुढे व्होडाफोनचंही काय काय झालं, पण कुत्रं लोकांच्या डोक्यातून हललं नाही. आमचा भाजीवाला रोज विचारतो, ‘काकाजी, रेंज येऊन राहिली का?’ सुरुवातीला काकाजी चिडत. नंतर त्यांनी एक दुरुस्ती सुचवायला सुरुवात केली. ‘जाहिरातीत कुत्रा पोराच्या मागं जाते. इथं कोण कोणाच्या मागं जाऊन राहिलं, ते पाहा अन् मग बोला.’

खरंच, कोण कोणाच्या मागे होतं हे पहिल्या महिन्यातच स्पष्ट झालं होतं. ओंकार अंगणात राहीना. दाराशी बसून तो ओरडलाही नाही, नुसता श्वास घेत बसला. पगनं दाराबाहेर बसून श्वास घेणं म्हणजे काय, ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही. दम्याचा रुग्ण, उकळणारा चहा आणि सरकारी जीप या तिघांचा एकत्र आवाज. काकाजींनी अर्धा तास पेपर वाचल्यासारखं केलं आणि दार उघडलं. ‘आजच्या दिवस,’ असं म्हणाले. धोरण तिथंच संपलं.

मग वही आली. लांब, लाल पाठीची, ऑफिसात असते तशी. रकाने आखलेले: वेळ, आहार, शी, शू, शेरा. मी ती स्वतः पाहिली आहे. ‘स. ६.१०. घट्ट. रंग समाधानकारक. कार्यवाही नको.’ ‘दु. १.३०. जेवणानंतर दोनदा ढेकर. तिसरी अपेक्षित, आली नाही.’ गोचीड सापडली तर तारीख, जागा आणि ‘नष्ट केली’ असा शेरा. रेबीजच्या वार्षिक लसीची तारीख लाल शाईत, महिनाभर आधी स्मरणपत्रासकट. हे स्मरणपत्र काकाजी स्वतःच स्वतःला लिहितात आणि स्वतःच त्याची पोच घेतात.

ही वही घेऊन ते पशुवैद्याकडे गेले. डॉक्टरांनी पानं उलटली, मान डोलावली, कुत्रा काट्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘काकाजी, वही फर्स्ट क्लास आहे. पण वजन अकरा किलो आहे. पग साधारण सहा ते आठ किलोचा पाहिजे. वरचं वजन त्याच्या श्वासावर बसून राहिलं.’

ऑडिटरला यापेक्षा मोठा अपमान नाही. वहीत आहाराची नोंद होती रोज दोन वाट्या, मोजून. शिल्लक मात्र तीन किलोंनी जास्त. म्हणजे कुठून तरी नोंदीबाहेर आवक होत होती. काकाजींनी चौकशी बसवली. दूधवाल्यानं कबूल केलं, सकाळी माप भरताना चमचाभर सांडतं, ते तो मुद्दाम सांडतो. धुणंभांडीवाली बाई चहातलं बिस्किट अर्धं मोडते. समोरचा नववीतला ओंकार टिफिनातला पराठा कुंपणातून देतो; स्वतःच्या नावाच्या जिवाशी सख्य ठेवलेलं बरं, असा त्याचा हिशेब असावा. काकूंनी विचारायच्या आधीच सांगितलं, ‘तुपाची पोळी देते मी. रोज. लिहून घ्या.’ हे सगळं तराजूत घातलं तरी हिशेब जुळेना. शेवटी वहीत एक नोंद आली. ‘संकीर्ण: रविवारचे पोहे (तर्रीशिवाय), टोस्टच्या कडा, संत्रा बर्फी (खवा भाग).’ संकीर्ण खर्च कोण करत होतं, याबद्दल वहीत काही नाही. ऑडिटमध्ये संकीर्णला फार खोदायचं नसतं, असं ते एकदा मला म्हणाले होते.

त्या दिवसापासून त्यांच्यातला राखणदार जागा झाला. गेटवर पाटी लागली, ‘कुत्र्यास खाऊ घालू नये.’ शहरात सगळीकडे पाटी असते ती कुत्र्यापासून सावध राहण्याची. इथली पाटी कुत्र्यालाच वाचवण्याची होती. दूधवाला आला की काकाजी ओसरीवर उभे. कुणी खिशात हात घातला की त्यांच्या घशातून एक बारीक आवाज येतो. त्याला भुंकणं म्हणणं बरं दिसत नाही, पण दूधवाला तोच शब्द वापरतो.

एकदा लेआउटमध्ये सत्यनारायण होता. कुणा पाहुण्या बाईंनी मायेनं ओंकारपुढे शिऱ्याचा द्रोण धरला. काकाजी पंचाहत्तरीच्या घरातले. त्या दिवशी त्यांनी सतरंजी ओलांडून जी झेप घेतली, ती पाहून गुरुजींचा मंत्र चुकला. शिऱ्यात बेदाणे होते. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात, आणि ती ‘काही’ कोणती ते आधी कळत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. कांदा, लसूण, चॉकलेट हीही त्याच यादीत. ‘प्रसाद आहे हो,’ बाई म्हणाल्या. ‘प्रसाद तुमच्यासाठी आहे. याच्यासाठी विष आहे,’ काकाजी म्हणाले आणि द्रोण स्वतः खाऊन टाकला, पुरावा शिल्लक राहू नये तसा.

आता तोंडाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण काकाजींची खरी सेवा तिथं चालते. ओंकारला तोंड आहे, पण ते पुढे आलेलंच नाही. दोन डोळ्यांच्या मधे एक जाड घडी, तिच्या पोटात आणखी एक, आणि त्याखाली कसंबसं बसवलेलं काळं नाक. या घड्यांत अश्रू मुरतात, जेवण अडकतं, ओल राहते आणि दोन दिवस दुर्लक्ष केलं की आंबल्याचा वास सुटून कातडी लाल होते. म्हणून रोज सकाळी अंघोळीआधी काकाजी मोरीपाशी पाट टाकून बसतात. वाटीत कोमट पाणी, शेजारी कापसाचे बोळे ओळीनं, चष्मा कपाळावर. ओंकारला मांडीत आडवा घेतात. डाव्या अंगठ्यानं घडी हलकेच वर उचलतात, उजव्या हातानं ओला बोळा आतून बाहेर फिरवतात, तो टाकतात, दुसरा घेतात. मग कोरडा बोळा, दाबून, टिपून. कारण ओल राहिली तर पुसलेलं फुकट. शेवटी ते वाकतात आणि घडीला नाक लावून दीर्घ वास घेतात. मग डावा कान, मग उजवा. जगातली बाकीची कुत्री माणसाला हुंगून ओळखतात. इथं माणूस कुत्र्याला हुंगतो आणि कुत्रा डोळे मिटून परवानगी देतो.

‘माझी पाठ धरली होती तेव्हा बाम लावा म्हटलं, तर म्हणाले हात चिकट होतात,’ काकूंनी हे माझ्या बायकोला सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, बातमी सांगावी तसं.

डोळ्यांचं वेगळं प्रकरण. लांब नाकाच्या कुत्र्याचं नाक आधी आपटतं आणि डोळे वाचतात. ओंकारचे डोळे सगळ्यांत पुढे. ते कशावरही घासतात आणि त्यांना जखम झाली तर दृष्टीवर बेतू शकतं. म्हणून काकाजींनी अंगणातल्या लिंबाच्या खालच्या फांद्या छाटल्या, काकूंची उदबत्ती देवघरातून माडीवर नेली आणि गुलाबाच्या कुंड्या गच्चीत चढवल्या. घरातला प्रत्येक टोकदार कोपरा त्यांनी जुन्या चादरीच्या पट्ट्यांनी गुंडाळला. दिवाणखाना हल्ली फ्रॅक्चर झाल्यासारखा दिसतो.

आणि उन्हाळा! पग पाळायला माणसानं महाबळेश्वर निवडावं, कोडाईकॅनाल निवडावं. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, नवतप्यात कावळेही दुपारी सावलीतून हलत नाहीत. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना येतो तेवढाच. तो जिभेवरून आणि नाकातल्या ओल्या पडद्यावरून वारा खेळवतो, ओल वाळते आणि अंग निवतं. नागपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण प्रत्येकाच्या खिडकीला तेच यंत्र टांगलेलं असतं. ओली वाळ्याची ताटी आणि वारा ओढणारा पंखा. ओंकारची ताटीच आखूड पडते, एवढाच फरक. मृगाच्या सरी पडून हवा दमट झाली की कूलर जसा नुसता चिकट वारा फेकतो, तशीच ओंकारची धापही कामाला येईनाशी होते. हे काकाजींनी एका जूनमध्ये, दमट दुपारी, त्याच्या जिभेचा रंग गडद होताना पाहून ओळखलं. ओला पंचा, पायांना पाणी, पंख्याखाली फरशी, मग रिक्षा, मग दवाखाना. वेळेत नेला म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी घरात एसी आला.

या वाक्याचं वजन बाहेरच्यांना कळणार नाही. काकाजी आणि एसी हा लेआउटमधला जुना वाद होता. ‘कूलरमध्ये काय वाईट आहे?’ हे त्यांचं वाक्य आमच्याकडे म्हणीसारखं वापरलं जायचं. एसी बसवणारा पोरगा ड्रिल लावत होता तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ‘माझं अंग रात्र-रात्र पेटायचं त्या वर्षांत मी मागितला होता,’ त्या म्हणाल्या. ‘तेव्हा म्हणाले, वाळा बदलून घे.’ काकाजींनी ऐकलं. काही बोलले नाहीत. त्या रात्रीपासून काकूंची खाट एसीच्या झोतात आणि ओंकारची गादी तिच्या पायथ्याशी, अशी मांडणी झाली. स्वतः काकाजी दाराजवळ झोपतात. राखणदाराची जागा तीच असते.

उन्हाळ्यात फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. निघण्याआधी काकाजी रस्त्यात उकिडवे बसतात आणि हाताची पालथी बाजू डांबरावर ठेवतात. हात ठरला तरच पंजा ठरेल, हा नियम. पहिल्या पहिल्यांदा स्कूटरवाले थांबून विचारायचे, ‘काकाजी, पडले का? उचलू का?’ आता सगळ्यांना माहीत आहे. गळ्याला पट्टा नाही, छातीचा पट्टा; कारण आधीच अरुंद असलेल्या गळ्यावर ओढ नको. नाल्याच्या पुलाशी लाल्या भेटतो.

लाल्या आमच्या लेआउटचा गावठी कुत्रा. लांब नाक, आखूड केस, एका कानाचा तुकडा गेलेला. भर दुपारी नाल्याकाठच्या ओल्या मातीत खड्डा करून झोपतो. त्याला वही नाही, कापूस नाही, नावाची पाटी नाही. रात्री अनोळखी माणूस आला की पहिला आवाज त्याचा. नागपूरच्या उन्हाला जे कुत्रं बनलं आहे ते हे, आणि आपण ते फुकट मिळतं म्हणून घरात घेत नाही. लाल्या काठीकडे पाहतो, ओंकारकडे पाहतो, आणि हा प्राणी नेमका कोण असावा याचा विचार करत बाजूला होतो. काकाजींच्या दुसऱ्या खिशात अलीकडे चतकोर भाकरी असते. तिची नोंद वहीत होत नाही. लाल्या संकीर्णमध्ये गेला असावा.

पण चोराची रात्र लाल्याच्या नावावर नाही. एका हिवाळ्यात आमच्याकडे अंगणातल्या नळांच्या पितळी तोट्या चोरीला जात होत्या. त्या रात्री लाल्या नेमका नाल्यापलीकडे लग्नाच्या जेवणाला गेला होता. आणि काकाजींच्या घरी ओंकार घोरत होता. पग घोरतो हे वाचून कळतं. घोरण्यावर माणसाची झोप कशी बेतली जाते, हे त्या घरात राहून कळतं. काकाजींना घोरण्यानं जाग येत नाही. घोरणं थांबलं की येते. घोरणं म्हणजे श्वास चालू आहे, थांबलं म्हणजे उठा. तशी सव्वादोनच्या सुमारास शांतता झाली आणि काकाजी ताडकन उठून बसले. ओंकारनं कूस बदलली होती, बाकी काही नाही. पण त्या शांततेत त्यांना कुंपणापलीकडे, म्हणजे माझ्या अंगणात, लोखंडावर पितळ घासल्याचा आवाज आला.

‘कोण आहे रे तिकडं? थांब! थांब म्हणतो नं!’

मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहतो, हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तीन घरांतले दिवे लागले. चोर भिंतीवरून गेला, पाना तिथंच टाकून. मी बाहेर आलो तर काकाजी कुंपणाशी, बंडी आणि लुंगीवर, मान पुढे, दोन्ही हात तारेवर, अजून गुरगुरत होते. आतून घोरणं पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं, तेव्हा कुठे ते सैल झाले.

सकाळी लेआउटभर झालं, ‘हचवाल्या कुत्र्यानं चोर पळवला. घरी कुत्रं असलं की असं असते बाप्पा.’ भाजीवाल्यानं ओंकारसाठी गाजर आणलं. काकाजींनी कुणालाच खोडून काढलं नाही. वहीत मात्र सत्य आहे: ‘रा. २.१५. घोरणे बंद (कूस बदलली). शेजारी चोर. रा. २.३०. घोरणे पूर्ववत.’

या प्रकारानंतर काकाजींनी जातीचा इतिहास काढला. मूळ चीनचं कुत्रं, राजवाड्यात मांडीवर वाढलेलं, पुढे डच जहाजांनी युरोपात गेलेलं. नेपोलियनची बायको जोसेफिन हिच्या फोर्त्युने नावाच्या पगनं लग्नाच्या रात्री पलंगावरची जागा सोडायला नकार दिला आणि बादशहा व्हायच्या आधीच त्या माणसाच्या पायाला चावला, असं सांगतात. काकूंना ही गोष्ट फार आवडली. काकाजींना आवडली ती दुसरी. १५७२ साली डच राजपुत्र विल्यम ऑफ ऑरेंजच्या छावणीवर स्पॅनिश सैनिकांनी रात्री छापा घातला, तेव्हा त्याच्या कुत्र्यानं त्याला जागं करून वाचवलं. तो पगच होता, असं पगवाले सांगतात. इतरांचा त्यावर वाद आहे. डेल्फ्टच्या चर्चमध्ये विल्यमच्या समाधीवर पायाशी कुत्रा कोरलेला आहे, एवढं नक्की. ‘म्हणजे एकदा या जातीनं ड्यूटी केली,’ काकाजी म्हणाले. ‘तेव्हाची भरपाई रजा साडेचारशे वर्षं भोगून राहिले.’

या गोष्टीला एक शेपूट आहे आणि ते मला काकाजींनीच दाखवलं. ज्या हॉलंडनं पगला राजघराण्यात बसवलं, तिथंच आता फार आखूड नाकाच्या कुत्र्यांची पैदास करायला मनाई आहे. नाकाची लांबी कवटीच्या एक तृतीयांश तरी हवी, असा निकष २०१९ पासून लागू झाला. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये लिहिलं, की आरोग्याच्या दृष्टीनं पगला यापुढे सर्वसाधारण कुत्रा म्हणता येणार नाही. हे दोन्ही कागद काकाजींनी छापून, भोकं पाडून फाइलला लावलेत. आपल्याला बाळासारखा चेहरा आवडतो म्हणून पिढ्यान्पिढ्या चपट्या तोंडाची पिल्लं निवडत गेलो आणि त्यांच्या श्वासाची वाट अरुंद केली. ज्याला आपण ‘किती गोड आवाज काढतो’ म्हणतो, तो बहुतेक वेळा हवा आत घ्यायची खटपट असते.

म्हणून कुणी हौशी माणूस गेटवर थांबून ‘काकाजी, कुठून घेतला? केवढ्याला पडला?’ असं विचारतो, तेव्हा एक नाट्य घडतं. काकाजी त्याला आत बोलावतात, खुर्ची देतात आणि फाइल काढतात. मग वही. मग दवाखान्याची बिलं, तारखेनुसार लावलेली. मग विजेचं बिल, एसीच्या आधीचं आणि नंतरचं. पाऊण तासानं तो माणूस घामाघूम होऊन बाहेर पडतो. आजवर त्यांनी किती पग विकत घेण्यापासून वाचवले याची वहीत नोंद नाही, पण लेआउटमध्ये दुसरा पग आलेला नाही. दोन घरांत मात्र गावठी पिल्लं आली आहेत, त्यातलं एक लाल्याचं असावं असा त्याच्या कानांवरून संशय आहे. फाइल बंद करताना काकाजींच्या मांडीवर ओंकार असतो आणि त्यांचा हात त्याच्या पाठीवर. बजावणारा आणि कुरवाळणारा माणूस एकच आहे, यात त्यांना काही विसंगत वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही.

सहा महिने केव्हाच उलटले. लेक दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. ‘बाबा, त्याला दाखवा,’ हे पहिलं वाक्य. काकाजी फोन खाली धरतात. पडद्यावर एक ओलं नाक आणि फुरफुर. मग थोडा वेळ काकू. काकाजींचं बोलणं फोनच्या मागूनच ऐकू येतं, वजन, शी, लस. बापलेक पूर्वी कधी इतकं बोलत नव्हते.

काही रविवारांपूर्वी तिनं सांगितलं, की कंपनी परत पुण्याला पाठवते आहे आणि ती ऑस्करला घेऊन जाईल. ओसरीवर बराच वेळ नुसती धाप ऐकू येत राहिली. ती ओंकारची होती की काकाजींची, कुंपणापलीकडून कळलं नाही. मग काकाजी म्हणाले, ‘पावती कुठं आहे?’

‘कसली पावती, बाबा?’

‘खरेदीची. तुझ्या नावावर आहे याचा कागद दाखव. दवाखान्याच्या कार्डावर पालक म्हणून माझं नाव आहे. लस माझ्या सहीनं झाली. हस्तांतरणाची नोंद नाही. मी आक्षेप काढला आहे, लेखी पाठवतो.’

पत्र स्पीड पोस्टानं गेलं. लेकीचं उत्तर आलं आहे, असं काकू म्हणतात. त्यात काय आहे ते त्या सांगत नाहीत, पण वाळवणाच्या कुरडयांसोबत त्यांनी पुण्याला पाठवायला एक पार्सल बांधलं आहे, ओंकारच्या फोटोंचं.

तुमचं कधी आमच्या बाजूला येणं झालं, तर काकाजींकडे जरूर जा. दुपारी एक ते चार जाऊ नका, साहेब झोपलेले असतात. बेल दाबू नका, कडी वाजवा, हळू. हातात बेदाण्याचं काही असेल तर गेटबाहेर संपवून या. ओंकार तुमच्या पायाशी येऊन बसेल आणि तुमच्याकडे असं पाहील, की आठवडाभर याला कुणी जेवायला घातलं नसावं. खिशात हात घालू नका. तो चावत नाही. काकाजींची खात्री देता येत नाही.